राउटरांचा परस्परविश्वास आणि त्याची मर्यादा

दोन जाळ्यांच्या सीमेवरील राउटर दूरचे मार्ग स्वतः शोधीत नाही; शेजारच्या राउटरने जे घोषित केले, ते तो सामान्यतः खरे मानतो. ‘बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल’ची मूळ रचना अशा विश्वासावर आधारलेली आहे. शिवाय एकाच पत्त्याविषयी दोन घोषणा आल्यास ज्या घोषणेतील पत्त्यांचा गट लहान, तिला प्राधान्य मिळते.

या दोन नियमांच्या संयोगातून उद्भवणारा अनर्थ २४ फेब्रुवारी २००८ रोजी दिसून आला. शासनाच्या आज्ञेवरून यूट्यूब देशांतर्गत बंद करण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने त्याच्या २५६ पत्त्यांचा मार्ग आपल्याकडे वळविला. यूट्यूबची स्वतःची घोषणा १०२४ पत्त्यांच्या गटाची होती. देशापुरती असावयाची ही लहान गटाची घोषणा हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या जाळ्याने न तपासता पुढे पाठविली, आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब दुर्लभ झाले.

येथे कोणाचाही परवलीचा शब्द चोरीस गेला नव्हता. सबब राउटरची सुरक्षा केवळ प्रवेशबंदीने साधत नाही. ग्राहक-जाळ्याकडून कोणते पत्ते स्वीकारावयाचे, याची यादी सीमेवर लावणे तितकेच आवश्यक होय. पुढे प्रचारात आलेल्या ‘आरपीकेआय’ पद्धतीत पत्त्यांचा धारक अधिकृत उगम-जाळे स्वाक्षरीनिशी नमूद करतो. तथापि तिने उगमाची शहानिशा होते, संपूर्ण मार्गाची नव्हे. म्हणून सीमेवरील चाळणीची जबाबदारी प्रत्येक जाळ्याकडे कायम राहते.