आकाशातील घड्याळे आणि भूमीवरील स्थळ

उपग्रह आपल्याला आपले स्थान कळवितात, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती वस्तुस्थितीच्या जवळजवळ उलट आहे. कारण हे उपग्रह पृथ्वीवरील कोणाही माणसाला पाहत नाहीत, त्याचा ठावठिकाणा त्यांच्या दप्तरी नसतो, आणि अहोरात्र ते घोषित करतात ते एवढेच की, या क्षणी आपण अंतराळात कोठे आहोत व आपल्या घड्याळात किती वाजले आहेत. ही घोषणा सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने आपल्या हातातील यंत्रापर्यंत येते; तिला लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर काढते आणि अशा तीन अंतरांवरून स्थान ठरविते; परंतु यंत्रातील साधे घड्याळ तितके विश्वासार्ह नसल्यामुळे त्याची चूक हीच चौथी अज्ञात राशी होऊन बसते व तिच्यासाठी चौथा उपग्रह लागतो. सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक येथे तीनशे मीटरांची होते.

१९५७ च्या ऑक्टोबरात स्पुट्निक आकाशात गेला, तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील गायर आणि वायफेनबाख यांनी त्याच्या संदेशाच्या कंप्रतेतील चढउतारावरून त्याची कक्षा काढली. पुढे त्याच प्रयोगशाळेतील फ्रँक मॅक्लूर यांनी तोच प्रश्न उलटा केला की, कक्षा ठाऊक असेल तर ऐकणाऱ्याचे स्थान का काढू नये? त्यातून अमेरिकी पाणबुड्यांसाठी ‘ट्रान्झिट’ ही योजना उभी राहिली, आणि १९७८ पासून जीपीएसचे उपग्रह सुटू लागले. नागरी उपयोगासाठी संदेशाची अचूकता हेतुपुरस्सर घटविण्याचा शिरस्ता मात्र २००० सालच्या मे महिन्यात बंद झाला.

या विद्येतील मला सर्वांत विस्मयकारक वाटणारा भाग आइन्स्टाइनच्या सिद्धांताचा आहे. जीपीएसचे उपग्रह फिरतात त्या सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर गुरुत्व क्षीण असल्यामुळे तेथील घड्याळ भूमीवरील घड्याळापेक्षा दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते, स्वतःच्या वेगामुळे ते ७ मायक्रोसेकंद मागे पडते, आणि बाकी उरणारे ३८ मायक्रोसेकंद हिशेबात धरले नाहीत तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक तफावत पडेल. म्हणून घड्याळाची कंप्रता उड्डाणापूर्वीच किंचित कमी ठेवावी लागते. ज्याला एके काळी निव्वळ तत्त्वचिंतन समजत असत, त्यावाचून आज रुग्णवाहिकेलाही घर सापडणार नाही.

घड्याळाचे हे महत्त्व भारताला अनुभवाने कळले. ‘नाविक’ या आपल्या व्यवस्थेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला, परंतु त्यावरील परदेशातून आणलेली तिन्ही रुबिडियम घड्याळे पुढे निकामी झाली. त्याच्या जागी २०१७ साली पाठविलेला उपग्रह उष्णताकवच न उघडल्यामुळे कामास आला नाही. अखेर २९ मे २०२३ रोजी सुटलेल्या उपग्रहात अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने घडविलेले स्वदेशी घड्याळ बसले. आणि माझ्या मते या कामगिरीचे मोल उड्डाणाइतकेच थोर आहे, कारण ज्याचे घड्याळ परक्याच्या हाती त्याचे स्थानही परक्याच्या भरवशावर असते.

घड्याळ अचूक असले तरी संदेशाच्या वाटेत आयनांबर या वातावरणाच्या वरच्या थराचा अडथळा असतो. तेथील विद्युत्भारित कण संदेशाला विलंब लावतात. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जात असल्यामुळे आपल्याकडे हा उपद्रव विशेष आहे, आणि विमानांसाठी उभारलेल्या ‘गगन’ व्यवस्थेला या विलंबाच्या दुरुस्त्या सतत प्रसृत कराव्या लागतात.

भूमीच्या मोजणीत तर या शास्त्राने आपल्या महसुली परंपरेची एक जुनी उणीव भरून काढण्यास आरंभ केला आहे. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी ज्या पद्धतीची पायाभरणी केली, त्या पद्धतीत तेहतीस फुटी शंकुसाखळीने शेते मोजली गेली. सारा शेतावर असल्यामुळे गावठाणातील घरे मात्र सर्रास मोजणीबाहेर राहिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घराचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीच्या कराच्या पावतीपलीकडे पुष्कळांजवळ काहीच नव्हते. आता ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोनने गावठाणाची छायाचित्रे घेतात, आणि उपग्रहांवरून काढलेले ड्रोनचे स्थान, ज्यांचे स्थान अचूक ठाऊक आहे अशा कायम केंद्रांशी ताडून काही सेंटीमीटरांपर्यंतचे मोजमाप मिळवितात. भिंत कोठे आहे हे या मोजणीने कळते, ती कोणाची हे कळत नाही. म्हणून ड्रोन उडण्यापूर्वी ग्रामस्थ व मोजणीचे कर्मचारी मिळून प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढतात, आणि जेथे शेजाऱ्यांचे एकमत होत नाही तेथे हक्काचा निर्णय पूर्वीप्रमाणेच चौकशीवर सोपविला जातो.