हाताची पेटी पायावर

बाजाच्या पेटीस दोन हात लागतात, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिचा विचार करण्याचा प्रसंग आमच्या घरात कुणावर कधी आला नव्हता. उजव्या हाताने पट्ट्या दाबाव्या व डाव्याने भाता चालवावा, एवढेच आम्हांस ठाऊक. गेल्या वर्षी आषाढात थोरल्या काकूंच्या डाव्या अंगावरून वारे गेले. औषधोपचार व व्यायाम यांमुळे दिवाळीपर्यंत त्या काठीच्या आधाराने घरात हिंडूफिरू लागल्या. वाचा तर पहिल्यापासूनच शाबूत होती. परंतु डावा हात कोपरापासून खाली निकामी राहिला, आणि जमिनीवर मांडी घालून बसणे संपले ते संपलेच.

आमचे घर ठाकुर्ली स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहे. जी. आय. पी. रेल्वेने उभारलेले चोळ्याचे वीजघर एके काळी ह्या गावाची ओळख होते. ते बंद पडूनही आता पुष्कळ वर्षे लोटली. गाड्यांचा खडखडाट मात्र अहोरात्र चालूच असतो. त्या खडखडाटात दर गुरुवारी सायंकाळी काकूंची पेटी वाजावयाची, शेजारच्या आठ-दहा बायका भजनास जमावयाच्या, आणि स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीलाही त्या वेळी बंदी असे. आजारपणानंतर पेटीवर अभ्रा चढला आणि गुरुवार मुकाट्याने जाऊ लागले. काकू तक्रार करणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी नुसते पेटीकडे पाठ होईल अशा जागी बसावयास सुरुवात केली, आणि ते आम्हां सर्वांच्या लक्षात आले.

चिरंजीवांनी विजेवर चालणारा कीबोर्ड आणून दिला. काकूंनी तो दोन दिवस वाजवला, तिसऱ्या दिवशी "ह्यात वारा कुठे आहे?" असे विचारून परत केला. मग पुतणीने समोर बसून भाता मारण्याचा प्रयोग झाला. तो अर्ध्या तासात दोघींच्या रुसव्यावर संपला. गाणाऱ्याचा दम कोठे संपतो, कोणत्या अक्षरावर जोर पडावयाचा, हे वाजवणाऱ्याच्या मनात असते. भाता दुसऱ्याच्या हाती गेला की सूर एका घरचा आणि वारा दुसऱ्या घरचा.

पेटीचा इतिहास चाळताना मला उपाय सुचला. 1842 साली पॅरिसच्या दबॅं नावाच्या कारागिराने ज्या हार्मोनियमचे पेटंट घेतले, तिचा भाता पायानेच चालत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ते वाद्य बैठकीत मांडी घालून वाजवता येईल असे आटोपशीर केले आणि भाता पाठीमागे आणून हातात दिला. आपल्या संगीत नाटकांतील ऑर्गन तर पायानेच वाजत आला. गोविंदराव पटवर्धनांस तो वाजवताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांस त्यांच्या पायांची चाल आठवत असेल. तेव्हा जे पायाचे होते ते पुन्हा पायाकडे द्यावयाचे, एवढेच काम! काकूंचा उजवा पाय ठणठणीत होता. त्यांनी अट घातली ती एकच: पेटी थोरल्या काकांनी घेतलेली आहे, तिला एकही खिळा मारावयाचा नाही, भोक पाडावयाचे नाही.

पहिला नमुना सौ.च्या जुन्या शिवणयंत्राच्या पायट्यावर उभारला. (यंत्राच्या मालकिणीची संमती मागाहून घेतली, हे कबूल करतो.) पायटा हलला की चाक फिरे, चाकास बांधलेली काठी पेटीचा भाता पुढेमागे करी. यंत्र झकास चालले आणि गाणे मुळीच चालले नाही. चाकाला एकदा गती मिळाली की ते आपल्याच तालात फिरत राही. काकू ओळीच्या शेवटी थांबत, चाक थांबत नसे. गिरणीचा पट्टा आणि भजन यांचे जमावयाचे कसे?

दुसऱ्या खेपेस चाक काढून साधी तरफ केली. येथे आमचे शेजारी मदतीस आले. त्या वीजघरात त्यांनी तरुणपणी फिटरची नोकरी केलेली आहे. पेटी 22 इंच उंचीच्या मेजावर ठेवली. काकू खुर्चीवर. मेजाच्या पलीकडे, भात्यामागे, सागवानी दांडा उभा केला. त्याचे वरचे टोक भात्याच्या फळीला टेकलेले, खालचे टोक एका आडव्या काठीने काकूंच्या पायाखालच्या पायफळीस जोडलेले. पायाने पुढे रेटले की दांड्याचे खालचे टोक दूर जाई व वरचे पेटीकडे येऊन भाता दाबी. टेकू मी मेजाच्या कडेस घेतला होता. त्यामुळे टेकूच्या खाली दांडा 19 इंच आणि वर अवघा 8. पाय चार इंच सरकला तरी भाता जेमतेम पावणेदोन इंच हले, आणि पायाचा जोर मात्र अडीच पटीने त्याच्यावर आदळे. पेटी किंचाळलीच, शिवाय पुढे सरकून काकूंच्या मांडीवर येऊ लागली. जास्त दाबाने सूर किंचित उतरतो, हे त्या दिवशी कानाने ऐकले. तोवर ते पुस्तकात वाचलेले होते.

शेजाऱ्यांनी पाहून एवढेच म्हटले, "टेकू खाली घ्या. पाय म्हणजे काही हात नव्हे, त्याला बळ कमी करून द्यावे लागते." मेजाच्या मागच्या दोन पायांमध्ये जमिनीपासून 12 इंचांवर आडवी पट्टी ठोकली आणि टेकू तेथे आणला. आता खाली 9 इंच, वर 18. पायाचा जोर निम्मा झाला व हालचाल दुप्पट; पाय दोन इंच हलला की भाता चार इंच. घोट्याच्या सहज चालीत काम होऊ लागले. पेटी सरकू नये म्हणून तिच्यापुढे मेजावर दोन ठोकळे बसवले.

तथापि भाता मिटवणे ही अर्धीच गोष्ट. तो उघडावयासही हवा. पेटीच्या जुन्या कमानी मऊ पडलेल्या होत्या, आणि इतकी वर्षे काकू तो बोटांनीच मागे ओढत आल्या होत्या. यास्तव सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिने दांडा मागे ताणून धरला. आता दांडा भात्याला नुसता टेकून भागेना, तो त्याला जखडणे आले. आणि खिळ्याला तर बंदी! कपड्यांचे चिमटे लावून पाहिले, ते तिसऱ्या ओळीस उडाले. शेवटी भात्याच्या फळीच्या दोन्ही अंगांस नमद्याचे तुकडे लावलेल्या दोन बारीक पट्ट्या ठेवून त्या कडेबाहेर बोटांनी फिरवावयाच्या नटांनी आवळल्या व चामड्याच्या वादीने दांड्यास बांधल्या. पेटीच्या पॉलिशवर ओरखडाही नाही. काकूंनी चष्मा लावून ते दोनदा तपासले.

पहिले काही दिवस निराळीच अडचण. उजवा हात आणि उजवा पाय एकमेकांची नक्कल करीत. प्रत्येक पट्टीबरोबर पाय खाली जाई. मी पायफळीचा दोष शोधत बसलो असता काकूच म्हणाल्या, "अरे, वारा भरायचा असतो, ढकलायचा नसतो." त्यांचे बरोबर होते. पेटीच्या पोटात दुसरा भाता असतो. बाहेरचा त्यात वारा साठवतो, आतला कमानीच्या दाबाने तो सुरांना सावकाश पुरवतो. म्हणून बाहेरची चाल थोडी तुटक झाली तरी सूर अखंड राहतो. हे ध्यानात घेऊन त्यांनी आठवडाभर पट्ट्यांना हात न लावता, एकच षड्ज काडी खोचून दाबून ठेवून, नुसता पाय चालवला. रोज सकाळी दहा ते साडेदहा आमच्या घरात एकच सूर! ते दिवस कसे काढले ते घरातल्या मंडळींस विचारावे.

पेटीत अशी लुडबूड करणारा मी काही पहिला मराठी माणूस नव्हे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. 1910 साली त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. अब्दुल करीम खांसाहेबांच्या गळ्यावर त्यांनी श्रुती पारखल्या आणि क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साह्याने लंडनच्या कारखान्याकडून श्रुतींची पेटी करवून घेतली. पेटीचे बांधलेले सूर आपल्या गाण्यास मानवत नाहीत, हा वाद पुढे इतका पेटला की 1940 साली नभोवाणीने तिला बंदीच केली आणि ती तीसएक वर्षे टिकली. आमच्या जवळच, ठाण्यास, डॉ. विद्याधर ओक यांनी पट्ट्यांची संख्या तीच ठेवून, पट्टीखालच्या खुंटीने दोहोंपैकी हवी ती श्रुती निवडता येईल अशी पेटी सिद्ध केली. षड्ज-पंचम अचल, उरलेले दहा स्वर दोन-दोन, मिळून बावीस. ह्या थोरांच्या पंक्तीत माझ्या पायफळीस बसवण्याचा हेतू नाही. त्यांचे भांडण सुराशी होते, माझे केवळ वाऱ्याशी.

कुणास घरी करून पाहावयाचे असल्यास दोन गोष्टी सांगतो. मापे आमची जशीच्या तशी घेऊ नयेत. वाजवणाराला खुर्चीत बसवून, त्याचा पाय सहज किती हलतो ते प्रथम मोजावे व टेकूची जागा त्यावरून ठरवावी. आणि दांड्याच्या टेकूत लाकडावर लाकूड घासू देऊ नये. आम्ही सायकलच्या दुकानातून जुने बेअरिंग आणून घातले, तेव्हा कुरकुर थांबली.

कार्तिकापासून गुरुवार पूर्ववत सुरू आहेत. द्रुत लयीत पाय अजून मागे पडतो, म्हणून तशी पदे काकूंनी तूर्त बाजूस ठेवली आहेत. सर्व सामान सुटे केले तरी मेजासह उचलावयास दोन माणसे लागतात, हा तिचा मोठाच दोष. कल्याणला काकूंच्या धाकट्या बहिणीकडे चैत्रात हळदीकुंकू आहे, आणि ठाकुर्लीहून कल्याण एकच स्टेशन. "घडी घालून गाडीत नेता येईल अशी कर," असे त्यांनी मला परवा सांगितले. दांडा मधोमध कापून बिजागरी बसवावी की दोन तुकडे करून खोबणीत अडकवावे, यावर शेजाऱ्यांचा आणि माझा वाद चालू आहे.