पाचवीतलं मूल आणि हातच्याची वजाबाकी

“कोरोनाने मुलांचं वाचन-गणित बिघडवलं. आता शाळा सुरळीत आहेत, सगळं जागेवर येईल,” असं पालकसभेत हमखास ऐकू येतं. पण ‘असर’ ही ग्रामीण भारतातली पाहणी वेगळंच सांगते. कोरोनाच्या आधी, २०१८ मध्येच पाचवीतल्या जेमतेम ५०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ मध्ये हा आकडा ४२.८ पर्यंत घसरला आणि २०२४ मध्ये ४८.८ वर आला. दुखणं जुनंच होतं, टाळेबंदीत ते बळावलं. ‘जागेवर येणं’ याचा अर्थ निम्मी मुलं पुन्हा वाचता न येताच सहावीत जाणं असा असेल, तर त्यात समाधान मानता येणार नाही.

याच्या उलट टोकाचा समज म्हणजे “गेलं ते कायमचं गेलं”. तमिळनाडूच्या ग्रामीण भागात मुलांची तपासणी झाली, तेव्हा शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत शिकण्यातली सुमारे दोन तृतीयांश तूट भरून निघालेली दिसली. भरून निघालेल्या भागातला जवळपास चौथा हिस्सा ‘इल्लम तेडी कल्वी’ या सरकारी उपक्रमाचा होता. त्यात गावातलेच स्वयंसेवक संध्याकाळी तास-दीड तास मुलांना शिकवायचे.

मला सगळ्यांत घातक वाटतो तो तिसरा समज: “शिकवणी लावा, जास्त गणितं सोडवून घ्या, पुस्तक पूर्ण करा.” पाचवीतलं एखादं मूल ५३ वजा २७ चं उत्तर ३४ लिहितं. हा धांदरटपणा नव्हे. तीनातून सात जात नाहीत म्हणून ते सातातून तीन वजा करतं, पाचातून दोन वजा करतं आणि मोकळं होतं. त्याच्या लेखी ५३ म्हणजे शेजारी शेजारी बसलेले दोन सुटे अंक. अशा मुलाला आणखी वीस उदाहरणं दिली, तर चुकीचीच रीत वीसदा घोटली जाते. त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या ठेवा आणि सत्तावीस काड्या मागा. दोन गठ्ठे ते लगेच देईल. मग सात सुट्या हव्यात आणि हाताशी तीनच आहेत, म्हणून अडेल. थोडा वेळ दिला की बहुतेक मुलं आपणहून एक गठ्ठा सोडतात. उरतात दोन गठ्ठे आणि सहा काड्या. हातचा घेणं म्हणजे काय ते तिथे कळतं, आणि मग तेच वहीत मांडायचं. पाचवीचं पुस्तक हे सगळं आधीच येतं असं धरून चालतं, म्हणून ते कितीही वेगाने संपवलं तरी या मुलाच्या हाती काही लागत नाही.

वाचनाचंही असंच आहे. एकेक अक्षर जुळवत वाचणारं मूल वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. त्याला धड्याखालची प्रश्नोत्तरं पाठ करायला लावण्यापेक्षा झेपतील अशा छोट्या गोष्टी रोज मोठ्याने वाचायला द्याव्यात.

“पाचवीतल्याला दुसरीचं शिकवलं तर ते खचेल” ही भीतीही निराधार आहे. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करण्याची पद्धत रुजवली. उत्तर प्रदेशातल्या सरकारी शाळांत या पद्धतीची शिबिरं झाली, एकूण सुमारे पन्नास दिवसांची. त्यानंतर तिसरी ते पाचवीच्या मुलांपैकी परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्यांचं प्रमाण शिबिरं न झालेल्या शाळांच्या दुप्पट आढळलं. अट एकच: गट कायमचे नकोत. थोड्या थोड्या दिवसांनी तपासावं आणि मुलाला पुढच्या गटात न्यावं.

“नापास करा, म्हणजे शिकतील” हा समज तर पुन्हा जोर धरतो आहे. डिसेंबर २०२४ मधल्या केंद्राच्या नियमांनुसार पाचवी-आठवीत मुलाला मागे ठेवता येतं. पण त्याच नियमांत आधी जादा शिकवणं आणि दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा सांगितली आहे. ते जादा शिकवणं मुलाच्या पातळीवरून झालं नाही, तर वर्षभर तेच पुस्तक पुन्हा वाट्याला येईल.

आणि “याला गणिताचं डोकंच नाही”? दिल्ली-कोलकात्याच्या बाजारात माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला. तोंडी हिशेब झटपट करणारी ही मुलं शाळेतल्या पद्धतीने कागदावर मांडलेल्या उदाहरणांपाशी अडली. शाळेत शिकणाऱ्या मुलांचं नेमकं उलट झालं, ती बाजारातल्या हिशेबाला अडखळली. तेव्हा आपलं मूल कुठे अडतं ते बघायचं असेल तर आज त्याला वाण्याकडे पाठवा, परत आल्यावर उरलेल्या पैशांचा हिशेब तोंडी विचारा, आणि मग तोच हिशेब वहीत मांडायला सांगा.