अमली पदार्थशोधक श्वान आणि शाळा-महाविद्यालयांचे आवार

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अंबरनाथ आणि बदलापूर या दोन शहरांच्या मध्ये चिखलोली हे गाव आहे. अंबरनाथ शहराला पाणी पुरविणाऱ्या धरणामुळे त्याचे नाव परिसरात सर्वपरिचित आहे. एका बाजूस औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूस उभी राहणारी गृहसंकुले आणि उपनगरी रेल्वेच्या नव्या स्थानकाचे हाती घेतलेले काम, यांमुळे या गावाचे रूप झपाट्याने पालटले. वस्तीपाठोपाठ शाळा आल्या, महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींची वर्दळ आली आणि तिच्यासोबत पालकांची एक नवी चिंताही आली. ही चिंता अमली पदार्थांची आहे.

एखाद्या वर्गात संशयास्पद पुडी सापडते, एखादा हुशार विद्यार्थी अचानक गैरहजर राहू लागतो आणि मग सभेत कोणीतरी सुचवितो की, पोलिसांचे कुत्रे बोलावून एकदा सर्वांची झडती घ्यावी म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. सूचना सद्हेतूने केलेली असते. परंतु कुत्रा काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे ठाऊक नसेल तर तिच्यामुळे एखाद्या निरपराध मुलाच्या माथी कायमचा डाग लागण्याचा संभव असतो. म्हणून शोधक श्वान, त्याचा हस्तक आणि शैक्षणिक आवाराची सुरक्षा या तिन्ही गोष्टींची माहिती शिक्षकांना व लोकप्रतिनिधींना असणे अगत्याचे आहे.

श्वान पथकाची परंपरा

मुंबई पोलीस दलात श्वान पथकाची स्थापना १९५९ मध्ये तीन डॉबरमन कुत्र्यांनिशी झाली. चोर-दरोडेखोरांचा माग काढणे हे त्या काळी पथकाचे मुख्य काम होते. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र पुण्यात आहे. देशपातळीवर सीमा सुरक्षा दलाचे टेकनपूर येथील केंद्र १९७० पासून हे कार्य करीत आहे. १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांच्या वेळी 'जंजीर' या लॅब्राडोर कुत्र्याने बजावलेली कामगिरी महाराष्ट्र विसरलेला नाही.

जंजीर स्फोटके शोधणारा होता. माग काढणारा, स्फोटके शोधणारा आणि अमली पदार्थ शोधणारा अशा श्वानांचे शिक्षण वेगवेगळे असते. याचे कारण उघड आहे. अमली पदार्थाचा साठा सापडला तर पंचनामा करावयाचा असतो. बॉम्ब सापडला तर परिसर तत्काळ रिकामा करावयाचा असतो. कुत्र्याने दिलेला इशारा नेमका कशाचा, याविषयी हस्तकाच्या मनात क्षणभरही संदेह असून चालत नाही.

अमली पदार्थांसंबंधीचा आजचा मूलभूत कायदा, म्हणजे गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ मध्ये झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून अमलात आला. पुढील वर्षी, १९८६ मध्ये केंद्रीय स्तरावर नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोची स्थापना झाली. अलीकडच्या काळात तरुणांमध्ये पसरलेल्या मेफेड्रोन या रासायनिक पदार्थाचा समावेश या कायद्याच्या अनुसूचीत २०१५ मध्ये करण्यात आला.

नाकाची किमया

माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारे ५० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींहून अधिक असतात, असे शास्त्रज्ञ मानतात. हुंगताना कुत्रा सेकंदाला साधारण पाच वेळा श्वास आत-बाहेर करतो. उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून बाहेर पडत असल्याने समोरून येणारा ताजा गंध पुसला जात नाही. माणसाला आमटीचा एकच वास येतो. कुत्र्याला तीत मोहरी, हिंग, कढीलिंब असे सारे घटक वेगवेगळे जाणवतात, असे म्हटले तर कल्पना येईल. म्हणूनच मसाल्यात किंवा अत्तरात पुडी लपविली तरी तिचा गंध त्याच्यापासून सहसा लपत नाही.

श्वानाला शोधासाठी अमली पदार्थांची सवय लावली जाते, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. त्याला पदार्थ कधीच खाऊ घातला जात नाही. विशिष्ट गंध सापडला की आवडता चेंडू मिळतो, एवढेच त्याला शिकविलेले असते. गांजा, चरस, हेरॉईन यांच्या गंधाशी खेळाची सांगड घातली जाते. कुत्र्याच्या दृष्टीने तो गुन्हेगाराचा शोध नसतो. चेंडूचा शोध असतो. हे शिक्षण साधारणतः सहा महिने चालते आणि त्यानंतरही सराव अखंड ठेवावा लागतो. गंध सापडल्यावर काही श्वान पंजाने उकरतात, तर काही त्या जागी शांतपणे बसतात. माणसांच्या वर्दळीच्या ठिकाणी बसून इशारा देणारा श्वान अधिक सुरक्षित असतो, हे सहज पटण्याजोगे आहे.

हस्तकाची दिनचर्या

श्वान हस्तक हा पोलीस कर्मचारीच असतो. परंतु त्याची ड्यूटी घड्याळावर संपत नाही. पहाटेचा व्यायाम, केस विंचरणे, कान, डोळे व पंजे तपासणे, ठरलेला आहार, जंतनाशक औषधे, रेबीज प्रतिबंधक लस, आज्ञापालनाचा व गंध ओळखण्याचा सराव असा त्याचा क्रम असतो. एका श्वानासाठी सामान्यतः दोन हस्तक नेमलेले असतात, म्हणजे एकाच्या रजेत दुसरा काम पाहू शकतो.

प्रत्यक्ष शोधाच्या वेळी हस्तक प्रथम वारा पाहतो. गंध वाऱ्याबरोबर वाहतो, भिंतीच्या कोपऱ्यात साचतो आणि उन्हाने वर चढतो. म्हणून शोध शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सुरू केला जातो. कुत्र्याला माणसाप्रमाणे सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो. धापा टाकताना हुंगणे मंदावते. ठाणे जिल्ह्यातील वैशाखाच्या दमट उकाड्यात कामाचे टप्पे लहान ठेवून श्वानाला सावली, पाणी व विश्रांती द्यावी लागते. औद्योगिक वसाहतीच्या जवळ काम करताना सांडलेली रसायने, फुटक्या काचा आणि टाकून दिलेल्या सुया यांपासून त्याला जपणे हेही हस्तकाचेच काम असते.

हस्तकाची खरी कसोटी कुत्र्याला वाचण्यात आहे. शेपटीची हालचाल बदलते, श्वासाची लय बदलते, मान झटकन मागे वळते. हे बारकावे त्यालाच कळतात. मात्र येथेच एक धोकाही आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये १८ श्वान-हस्तक जोड्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. शोधाच्या जागेत एकही अमली पदार्थ ठेवलेला नव्हता. परंतु लाल कागद चिकटविला असेल तेथे पदार्थ आहे, असे हस्तकांना सांगण्यात आले होते. बहुतेक फेऱ्यांत 'इशारा मिळाला' अशी नोंद झाली. हस्तकाच्या मनातील संशय त्याच्या नकळत श्वानापर्यंत पोहोचू शकतो किंवा त्याला इशारा नसताना दिसू शकतो, हा त्यातील धडा आहे. म्हणून शोधापूर्वी 'अमुक मुलाच्या दप्तरात पाहा' असे हस्तकाच्या कानात सांगणे हे त्याला साहाय्य नसून त्याच्या कामात अडथळा आहे.

इशारा म्हणजे पुरावा नव्हे

श्वान गंध दाखवितो. वस्तू दाखवितो असे नाही आणि दोषी माणूस तर मुळीच दाखवीत नाही. दप्तरात काल ठेवलेली पुडी आज नसली तरी गंध उरतो. लोकलच्या गर्दीत शेजारी उभ्या असलेल्याच्या कपड्यांचा गंध दुसऱ्याच्या पिशवीला लागू शकतो. महाराष्ट्रातीलच अब्दुल रझाक दफेदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये माग काढणाऱ्या श्वानाच्या पुराव्याच्या मर्यादा स्पष्ट केल्या होत्या. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही. त्याच्या वतीने हस्तकालाच बोलावे लागते. श्वानाचा इशारा ही तपासाची सुरुवात आहे, निर्णय नव्हे.

पुढची पावले कायद्याने आखून दिली आहेत. व्यक्तीच्या अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेतली जाण्याचा तिचा हक्क तिला सांगावा लागतो. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करणे आवश्यक आहे. पदार्थ कोणता हे अखेर न्यायसहायक प्रयोगशाळाच ठरविते. प्रमाणालाही महत्त्व आहे: गांजाच्या बाबतीत १ किलोपर्यंतचे प्रमाण अल्प, तर २० किलोंपासून व्यापारी मानले जाते, हेरॉईनसाठी हेच आकडे ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम आहेत. शिक्षेत त्यानुसार मोठा फरक पडतो.

आवारातील जबाबदारी कोणाची?

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांचे स्वतःचे पोलीस दल असते. येल विद्यापीठात ही प्रथा १८९४ मध्ये सुरू झाली. तेथे आवारातील पोलीस पर्यवेक्षकच श्वान हस्तकही असू शकतो. महाराष्ट्रात अशी व्यवस्था नाही. येथे आवाराची राखण संस्थेचा सुरक्षा पर्यवेक्षक व त्याचे रक्षक करतात आणि गुन्ह्याचा तपास स्थानिक पोलीस करतात. अंबरनाथ व बदलापूर परिसर ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या उल्हासनगर परिमंडळात मोडतो. खासगी सुरक्षा रक्षकाचा गणवेश पोलिसांसारखा असता कामा नये, असे २००५ चा केंद्रीय कायदा सांगतो. या फरकामागे अर्थ आहे. रक्षकाला अमली पदार्थांच्या कायद्याखाली अंगझडती घेण्याचा अधिकार नाही. संशयास्पद वस्तू आढळल्यास तिला हात न लावता जागा मोकळी करावी, वेळ नोंदवावी आणि पोलिसांना कळवावे, हेच त्याचे कर्तव्य होय.

श्वान पथक शाळेत आलेच, तर विद्यार्थ्यांना रांगेत उभे करून त्यांच्यावरून कुत्रा फिरविण्यापेक्षा वर्ग रिकामा करून खोली, दप्तरे व मोकळ्या जागा तपासणे अधिक उचित ठरते. काही मुलांना कुत्र्यांची विलक्षण भीती वाटते, हे विसरू नये. एखाद्या दप्तराजवळ श्वान बसला तर त्या मुलाचे नाव वर्गासमोर उच्चारू नये. पालकांना बोलावून एकांतात पुढील कारवाई व्हावी. अठरा वर्षांखालील मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. याउलट मुलाला अमली पदार्थ देणाऱ्या किंवा त्याच्याकरवी विक्री करविणाऱ्या प्रौढास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कायद्याचा रोख कोणावर आहे, हे यावरून ध्यानात यावे.

व्यसनाच्या आहारी गेलेल्याला परतीची वाटही कायद्याने ठेवली आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर कलम ६४ अ अन्वये तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. मार्गदर्शनासाठी १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे, तर तस्करीची माहिती देण्यासाठी २०२४ मध्ये १९३३ हा क्रमांक सुरू करण्यात आला.

पंच-सरपंचांवर तर कायद्यानेच जबाबदारी सोपविली आहे. गांजा अथवा अफूची बेकायदा लागवड झाल्याचे कळताच त्यांनी ती माहिती तत्काळ दिली पाहिजे. हयगय केल्यास ते शिक्षेस पात्र ठरतात. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री होत नाही ना, हे पाहणेही त्यांच्या आवाक्यातील काम आहे. व्यसनाची पहिली पायरी अनेकदा तेथेच असते.

शोधक श्वान वर्षातून एखाद्या दिवशी शाळेत येईल, तासाभरात परत जाईल. उरलेले सर्व दिवस मुलाच्या चेहऱ्यातला बदल टिपण्याचे काम शिक्षकालाच करावयाचे आहे. श्वान पुडीचा गंध ओळखतो. मुलाचे एकटेपण ओळखण्यासाठी मात्र माणूसच जवळ असावा लागतो.