त्यागाला प्रमाणपत्र कशाला?

चातुर्मास सुरू झाला की घरोघरी एक संदेश फिरू लागतो. उपवासाचा लाभ शोधून एका जपानी शास्त्रज्ञाने नोबेल पारितोषिक मिळवले. तीर्थंकरांनी तर ते हजारो वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते, असा त्याचा आशय असतो. वाचणाऱ्याचा ऊर अभिमानाने भरून येतो आणि संदेश पुढे धाडला जातो.

वस्तुस्थिती निराळी आहे. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते ‘ऑटोफॅजी’च्या संशोधनाबद्दल. पेशी स्वतःतील जीर्ण भाग मोडून पुन्हा कसे वापरते, हे त्यांनी यीस्टच्या पेशींवरील प्रयोगांतून उलगडले. अठ्ठाई किंवा एकासन हा त्या अभ्यासाचा विषय नव्हता.

आरोग्यलाभ हाच आहारनियमांचा पाया मानला, तर श्रावकाचार समजणेच कठीण होईल. आयुर्वेदाने मधाचे गुण वर्णिले आहेत. श्रावकाला मात्र मध वर्ज्य आहे. गाजर आणि बीट पौष्टिक असल्याचे आहारतज्ज्ञ सांगतात. तरीही कंदमूळ म्हणून ते त्याज्य ठरतात. उंबराच्या फळाचेही तसेच. मधामागे मधमाश्यांची हिंसा आहे, कंदात अनंत जीवांचा वास मानला आहे, उंबरात सूक्ष्म कीटक असतात. त्यागाचे कारण जीवदया हे आहे. उकळलेल्या पाण्याने रोगजंतू मरतात, हा लाभ खरा आहे. पण तो आनुषंगिक आहे.

अशा संदेशांनी प्रत्यक्ष हानीही होऊ शकते. मधुमेहाचे औषध घेणाऱ्या वृद्धाने ‘उपवासाने सर्व रोग बरे होतात’ असे वाचून वैद्यकीय सल्ल्याविना तपश्चर्या आरंभली, तर रक्तातील साखर घसरून प्राणावर बेतू शकते.

व्यापारी कुटुंबांना तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय परिचित आहे. खऱ्या मालात हलका माल मिसळून विकणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, हा अचौर्यव्रताचा अतिचार तेथे सांगितला आहे. सत्यव्रताच्या अतिचारांत पहिलेच नाव मिथ्योपदेशाचे आहे. पेढीवर भेसळ पाप मानणाऱ्याने धर्माच्या नावावर अर्धसत्य खपवावे काय? हेतू कितीही शुभ असला, तरी माल पारखूनच पुढे द्यावा लागतो.

केवलज्ञान हा श्रद्धेचा विषय आहे. प्रयोगशाळेच्या मोहरेवाचून ती श्रद्धा उणी ठरत नाही. शिवाय विज्ञानाचे निष्कर्ष नव्या पुराव्यानिशी बदलतात. आज त्यांच्या आधाराने व्रत पटवून दिले, तर उद्या निष्कर्ष बदलताच मुले व्रतही सोडतील.

सूर्यास्तापूर्वी का जेवायचे, असे नातवाने विचारले, तर दिव्याभोवती घोटाळणारे जीव त्याला दाखवावेत. आपल्या ताटापायी त्यांचा घात होऊ नये, म्हणून, एवढे आजीचे उत्तर त्याला पुरेसे आहे.