पैसे घ्यायला पिन लागत नाही



पूर्वी माल विकून बाजारातून घरी निघालेला शेतकरी नोटांची पुडी कोपरीच्या आतल्या खिशात घालायचा, वरून हात ठेवायचा आणि दिवस मावळायच्या आत गाव गाठायचा. चोराची भीती वाटेवर होती. आज कांद्याची पट्टी होते, पैसे बँकेत जमा होतात आणि फोन वाजून तसे सांगतो. खताच्या दुकानात, चहाच्या टपरीवर, गिरणीत, जिथे जावे तिथे तो छापील चौकोन लावलेला असतो. त्याला आपण ‘स्कॅनर’ म्हणतो. यूपीआयची ही सोय २०१६ साली सुरू झाली आणि आता ती खेड्यापाड्यांत रुळली आहे. सोय चांगलीच आहे. पण चोरानेही वाट बदलली आहे. तो आता ओढ्याच्या वळणावर दबा धरत नाही. कुठेतरी लांब बसून तुम्हाला फोन लावतो.

हंगामाचा पैसा एका मिनिटात गेला, तर पुढच्या पेरणीला हात पसरावा लागतो. म्हणून ही चोरी कशी होते, ते या पत्रकात समजावून घेऊ. मेख कळली की भीती राहत नाही.

बँकेचे यंत्र तुम्हाला कसे ओळखते?

शाखेतला कारकून तुम्हाला तोंडाने ओळखतो. बँकेच्या संगणकाला तोंड ठाऊक नसते. तो मुख्यत: तीन खुणा पाहतो.

पहिली खूण म्हणजे तुमचे सिमकार्ड. यूपीआयचे अ‍ॅप प्रथम सुरू करताना तुमच्या फोनमधून एक संदेश आपोआप जातो. त्यावरून हा नंबर खात्याला जोडलेलाच आहे, अशी खात्री केली जाते.

दुसरी खूण म्हणजे पिन. चार किंवा सहा आकड्यांचा हा पिन तुम्ही स्वत: ठरविलेला असतो. तो म्हणजे तुमची सही समजा. पिन टाकला, की ‘माझ्या खात्यातून पैसे द्या’ या चिठ्ठीवर सही झाली.

तिसरी खूण म्हणजे ओटीपी. हा एकाच वेळेपुरता चालणारा आकडा असतो. कार्डावरून खरेदी करायची असेल किंवा नवा पिन काढायचा असेल, तर तो तुमच्या फोनवर येतो.

बँकेचा संगणक फोडणे अवघड आहे. त्यापेक्षा माणसाला बोलण्यात गुंतवून या खुणा काढून घेणे सोपे. म्हणून चोर तिजोरीकडे जात नाही, किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे येतो. कोणी फोनवर कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि वर ओटीपी विचारू लागला, तर तो तुमच्या नावावर नवा पिन काढायला बसला आहे, हे ओळखावे. बँकेचा खरा माणूस पिन किंवा ओटीपी कधीही विचारत नाही. शाखेत समोर बसला असला तरी विचारत नाही.

म्हशीचा सौदा

समजा, तुम्हाला म्हैस विकायची आहे. मुलाने फोटो काढून फोनवर जाहिरात टाकली. दुपारी फोन येतो.

“म्हैस पसंत आहे. मी लष्करात आहे, यायला जमणार नाही. गाडी पाठवतो. विसार म्हणून दहा हजार आत्ता टाकतो.”

तुम्ही म्हणता, “अहो, म्हैस बघायला तरी या.”

“फोटोत बघितली की! आधी एक रुपया टाकतो, आला का सांगा.”

एक रुपया खरोखरच येतो. तुमचा विश्वास बसतो. मग तो एक चौकोन पाठवितो. “याच्यावर कॅमेरा धरा आणि पिन टाका, म्हणजे दहा हजार तुमच्या खात्यात येतील.” तुम्ही पिन टाकता. दहा हजार येत नाहीत, जातात.

इथेच खरी मेख आहे. पैसे येण्यासाठी आपल्याला काहीही करावे लागत नाही. पिन नाही, ओटीपी नाही, चौकोनावर कॅमेरा धरणेही नाही. आपल्या कणगीत कोणी धान्य ओतत असेल, तर आपण सही कशाला करायची? सही लागते ती धान्य बाहेर काढताना. काही अ‍ॅपांत आता पिनच्या जागी बोट किंवा चेहरा चालतो. नियम तोच. पिन असो, बोट असो वा चेहरा, तो दिला की पैसे जातात.

पूर्वी एक माणूस दुसऱ्याला यूपीआयवरून ‘पैसे द्या’ अशी मागणी धाडू शकत असे. तिचा गैरवापर फार झाल्याने माणसामाणसांतली ती सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. दुकानदार आणि कंपन्यांकडून येणारी मागणी मात्र त्या वेळी चालू राहिली. तेव्हा पिनच्या खिडकीवर कोणाचे नाव आणि किती रक्कम लिहिली आहे, हे वाचल्याशिवाय बोट हलवू नये. अक्षर लागत नसेल तर घरातल्या पोरीकडून वाचून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

‘यादीत नाव बघा’ म्हणून आलेली फाईल

पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत मिळतात. हप्ता जवळ आला की चोराचाही हंगाम येतो. गटावर संदेश पडतो: ‘नवी यादी आली, नाव बघा’ किंवा ‘केवायसी न केल्यास हप्ता बंद’. खाली एक फाईल असते. तिच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत ए, पी, के ही तीन अक्षरे दिसतात. ती यादी नव्हे. ते एक अ‍ॅप आहे.

फाईल उघडली की फोन स्वत: इशारा देतो, की हे अनोळखी ठिकाणचे आहे. आपण घाईत ‘होय’ दाबतो. मग ते अ‍ॅप संदेश वाचायची परवानगी मागते. तीही आपण देतो. त्यानंतर बँकेकडून येणारा प्रत्येक ओटीपी तुमच्याबरोबर चोरालाही दिसतो. तुम्ही कोणाला काहीच सांगितलेले नसते, तरी खाते रिकामे होते. शिवाय तीच फाईल तुमच्या नावाने तुमच्या पाहुण्यारावळ्यांना जाते. म्हणून ‘भावकीतल्या माणसाने पाठवली आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नये. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो.

अ‍ॅप घ्यायचे तर फोनमधल्या प्ले स्टोअरमधूनच घ्यावे, आणि तेही कोणाचे आहे ते बघून. हप्त्याची चौकशी सरकारी संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात करावी. सरकारी संकेतस्थळाचे नाव ‘जीओव्ही डॉट इन’ने संपते. बँकांनीही आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या शेवटाखाली न्यावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत ठेवली. नाव तपासताना शेवट पाहावा. सुरुवातीला चोर काहीही लिहू शकतो.

अंगठ्याचा पैसा

ज्यांच्याकडे साधा फोन आहे किंवा फोनच नाही, त्यांनी ‘हे आपल्याला लागू नाही’ असे समजू नये. आधारला जोडलेल्या खात्यातून गावातल्या छोट्या यंत्रावर अंगठा लावून पैसे काढता येतात. तिथे अंगठा हीच सही. जमिनीच्या दस्तांवरील अंगठ्यांवरून नकली ठसे बनवून पैसे काढल्याचे गुन्हे देशात उघडकीस आले आहेत.

यावर चांगला उपाय आहे. आधारमधील बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवता येतात. आधारच्या अ‍ॅपवरून, संकेतस्थळावरून किंवा आधार केंद्रात हे काम होते. कुलूप असेपर्यंत अंगठ्यावर पैसे निघत नाहीत. पैसे काढायचे असतील किंवा पीएम-किसानची केवायसी अंगठ्याने करायची असेल, तर तेवढ्यापुरते कुलूप काढावे आणि काम झाले की पुन्हा लावावे.

यंत्रावर पैसे काढताना पावती मागावी. “अंगठा लागला नाही, पुन्हा लावा” असे सांगितले, तर आधी ‘व्यवहार झाला नाही’ असा कागद किंवा पडदा पाहावा आणि मगच दुसऱ्यांदा अंगठा द्यावा.

कुंपणाची डागडुजी

फोन अधूनमधून ‘अपडेट करा’ असे सांगतो. आपण ते टाळतो, कारण नेट खर्च होते. पण अपडेट म्हणजे बऱ्याचदा कुंपणाला पडलेले भगदाड बुजविणे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या किडीने जगभरातले संगणक बंद पाडले आणि ब्रिटनमधील दवाखान्यांची कामे अडली. ज्या भगदाडातून ती शिरली, ते बुजविणारे अपडेट कंपनीने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, त्यांना फटका बसला. म्हणून फोनच्या सेटिंगमधून येणारे अपडेट घ्यावे. संदेशातून आलेल्या ‘अपडेट’ला मात्र हात लावू नये.

फोनला कुलूप लावावे. पिन फोनच्या पाठीवर चिकटवू नये. हंगामाची मोठी रक्कम यूपीआय नसलेल्या वेगळ्या खात्यात ठेवावी आणि फोनच्या खात्यात रोजच्या खर्चापुरते पैसे असावेत. सगळे बियाणे एकाच वावरात कोणी टाकत नाही.

घडलेच तर काय करावे?

बैल गेला नि झोपा केला, असे होऊ देऊ नये. पैसे गेल्याचे कळताच ताबडतोब १९३० हा सरकारी नंबर फिरवावा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवीत असतो. १९३० वर तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे वाटेत कुठे शिल्लक असतील तर तिथेच अडविता येतात. पाट फुटला तर पाणी ओढ्याला मिळायच्या आत बांध घालावा लागतो, तसेच हे आहे. पहिला तास सोन्याचा.

फोन करताना खाते नंबर, गेलेली रक्कम, वेळ आणि बँकेच्या संदेशातील व्यवहाराचा नंबर जवळ ठेवावा. यूपीआयचा हा नंबर बारा आकड्यांचा असतो. लगेच बँकेलाही कळवावे, खाते गोठवायला सांगावे आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यावा. चुकून ते अ‍ॅप घेतले गेले असेल, तर आधी फोनचे नेट बंद करावे आणि हे सारे फोन दुसऱ्याच्या फोनवरून करावेत.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी व्यापारी आणि ग्रामीण बँकांसाठी काढलेल्या परिपत्रकात असे ठरविले, की ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, पण कळविल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे उशिराची किंमत आपणच मोजतो.

आणि उशीर का होतो? लाजेपायी. म्हातारा म्हणतो, पोरगा रागावेल. बाई म्हणते, घरात बोलणी बसतील. पोरगा म्हणतो, एवढा शिकलो आणि फसलो कसा, लोक हसतील. रात्र तशीच जाते आणि पैसा हाती लागायचा तो लागत नाही. मंडळी, फसविणाऱ्यांचा हा धंदा आहे. ते दिवसभर तेच करतात. शिकलेलेही फसतात. तेव्हा आजच जेवायला बसल्यावर घरात सांगून टाका: “फोनवरून पैसे गेले तर आधी मला सांगा. मी रागावणार नाही.” हे एक वाक्य कुलपापेक्षा भारी आहे.

लक्षात ठेवा

१. पैसे घ्यायला पिन, ओटीपी किंवा स्कॅनर लागत नाही.
२. पिन आणि ओटीपी कोणालाही सांगू नये, बँकेच्या नावाने विचारले तरीही.
३. गटावर आलेली अ‍ॅपची फाईल उघडू नये.
४. आधारच्या ठशांना कुलूप लावावे.
५. पोलीस फोनवर अटक करीत नाहीत. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार कायद्यात नाही. असा फोन सरळ ठेवून द्यावा.
६. जो फार घाई करतो, त्याला “उद्या शाखेत येऊन बघतो” असे सांगावे. खऱ्याला उद्या चालते, चोराला चालत नाही.
७. पैसे गेले तर लगेच १९३०.

हे पत्रक घरात सर्वांना वाचून दाखवावे आणि १९३० हा नंबर चुलीजवळच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.