यंत्रालाही विचारा, ‘असं का?’

संगणक कधी रुसत नाही, रागावत नाही. त्याला कुणी लाडका नाही की दोडका नाही. मग त्याने गुण दिले तर त्यात पक्षपात कुठून येणार, असंच तुम्हांला वाटतं ना? थांबा! आधी इंग्लंडमध्ये काय घडलं ते ऐका.

२०२० साली करोनामुळे तिथल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याची अंदाजे श्रेणी कळवली. ‘ऑफक्वाल’ या परीक्षांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने मात्र एका सूत्राने संगणकाकडून श्रेणी ठरवून घेतल्या. त्या सूत्रात शाळेचा मागच्या वर्षांचा निकालही धरला होता. झालं! मागे पडलेल्या शाळेतल्या हुशार मुलाची श्रेणीही खाली आली. जवळजवळ ४० टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजापेक्षा उतरल्या. मुलं रस्त्यावर आली. अखेर निकालानंतर चारच दिवसांनी, १७ ऑगस्टला, ते सूत्र मागे घ्यावं लागलं.

ते नुसतं गणित होतं. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता तर जुन्या माहितीवरूनच शिकते. तेच तिचं बाळकडू! समजा, वाचन तपासणाऱ्या यंत्राला फक्त पुस्तकी मराठी ऐकवली. मग आमच्या मानपाड्यातल्या आगरी बोलणाऱ्या मुलीने धडा नीट वाचला, तरी तिचा हेल ऐकून यंत्र ‘चूक’ म्हणेल. खरं तर तिचं काहीच चुकलेलं नसेल!

मग यंत्रं नकोतच का? तसं नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांची सोडत आपल्या राज्यात संगणकच काढतो. पण सोडतीत कोणत्या शाळा असाव्यात, हे माणसं ठरवतात. जवळ, एक किलोमीटरच्या आत, सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला यातून सूट, असा नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. संगणकाने तो मुकाट्याने पाळला असता. माणसं मात्र न्यायालयात गेली आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

म्हणून शाळेत असं यंत्र आलं, तर पालकसभेत आई-बाबांना तीन प्रश्न विचारायला सांगा. याला कोणकोणत्या मुलांची उदाहरणं दिली? सगळ्या तऱ्हेच्या मुलांवर ते पडताळून पाहिलं का? आणि निकाल पटला नाही, तर पुन्हा तपासायला बाई किंवा गुरुजी आहेत ना?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर त्या यंत्राच्या हाती प्रगतिपुस्तक देऊ नका!